मागच्या पाख्यावरची कौलं

१

दुपारची भांडी उरकली की टिल्का वरच्या खोलीत जायची. खिडकी उघडायची, गादी उलटी करायची, आणि उतरत्या छताच्या फळ्यांवरून तळहात फिरवायची. कुठे ओल लागते का ते बघायला. ऑगस्टात गारा पडल्यापासून तिला ही सवयच जडली होती.

ती खोली तिच्या लेकीची, ब्रीनाची. फेलिक्सने माळ्यावर स्वतःच्या हाताने बांधलेली. कौलांखाली रिपा, रिपांखाली वासे, वाशांना ठोकलेल्या पाइनच्या फळ्या. पलंगावर उभं राहिलं तर हात छताला टेकेल इतकं ठेंगणं. ब्रीना सीमेपलीकडच्या ग्राट्स शहरात नोकरी करायची. तिला दिवस गेले होते, आणि तिचा माणूस ट्रकवर, महिना महिना घराबाहेर. म्हणून बाळंत झाली की हिवाळाभर माहेरी राहायचं ठरलं होतं. टिल्काने जुना पाळणा खाली उतरवून पांढरा रंगवला होता.

आणि मग गारा पडल्या. द्राक्षं भरत आली होती. दुपारीच आभाळ शेवाळ्यासारखं हिरवं झालं, कोंबड्या आपण होऊन खुराड्यात शिरल्या, आणि पुढे जे झालं त्याला पाऊस म्हणायची कुणाची छाती नव्हती. फेलिक्स दारात उभा राहून म्हणाला, "गारा कसल्या ह्या! देवाने वरून बटाट्याची पोती ओतलीत." मग पहिलं कौल फुटलं आणि त्याचं हसू मावळलं.

फुटलेलं कौल दिसतं. तडकलेलं दिसत नाही, आणि घर बुडवतं ते तडकलेलंच. फेलिक्स गावच्या आग विझवणाऱ्या दलात होता, त्याला हे सगळं ठाऊक. माळ्याची झापं बंद करायची, अंधारात डोळे स्थिरावू द्यायचे, मग कौलांतून येणारे उजेडाचे ठिपके शोधायचे. शंका आली तर बोटाच्या पेराने वाजवून बघायचं, बाजारात मडकं वाजवून घेतात तसं. चांगलं कौल खणकन बोलतं. तडकलेलं नुसतं 'भद्द' करतं. त्या दिवशी छपराच्या मागच्या उतरत्या पाख्यावर, नेमकं ब्रीनाच्या खोलीवर, फेलिक्सने कौलं वाजवली आणि ओळीच्या ओळी भद्द भद्द बोलत गेल्या.

टेकडीवरच्या सगळ्याच घरांचं तसं झालं. दलाच्या लोकांनी निळ्या ताडपत्र्या वाटल्या. फेलिक्स स्वतः शिडी घेऊन घरोघर फिरला. दोन दिवसांत सगळी टेकडी निळी पांघरुणं ओढून पडलेल्या आजाऱ्यांसारखी दिसायला लागली.

कौलं मात्र मिळेनात. जुनी भट्टी बंद पडून जमाना झाला होता, आणि नवं यंत्रातलं कौल त्या जुन्या रिपांवर बसेना. सगळं पाखं उतरवून नव्याने करायचं तर कारागीर म्हणाला, "वसंतात बघू. तुमच्याआधी अर्धं खोरं रांगेत आहे."

"आमचं बाळ वसंतापर्यंत थांबायचं नाही," टिल्का म्हणाली.

"मग त्याला सांगा, छत्री घेऊन ये," कारागीर म्हणाला आणि गेला.

२

सप्टेंबरात एका सकाळी अंगणात कौलांची चवड दिसली. जुनीच कौलं, जिभेच्या टोकासारखी गोल कडेची, त्यांच्याच भट्टीची.

"कुठनं आणलीस?"

"देवाने गारा दिल्या, कौलंही दिली," फेलिक्स म्हणाला. "तू ती घासून दे, मी चढवतो."

टिल्काने पुन्हा विचारलं नाही. परसात टब मांडून ती ब्रशने कौलं घासायला बसली. त्यांच्यावर उत्तरेकडच्या पाख्यावर येतं तसलं दाट मऊ शेवाळ होतं. अशी कौलं टेकडीवर कुणाकडे आहेत हे तिच्या हातांना ठाऊक होतं. पण हात घासत राहिले, आणि तोंड गप्प राहिलं. प्रत्येक कौल वाजवून पाहिलं. सगळी खणखणीत.

फेलिक्सने ब्रीनाच्या खोलीवरचा भाग भरून काढला. उरलेल्या पाख्यावर ताडपत्री तशीच ठेवली. चारच दिवसांनी धो धो पाऊस आला. दोघं वर धावली. फेलिक्सने फळ्यांवरून हात फिरवला, बोटं नाकाशी नेऊन हुंगली, आणि टिल्काच्या नाकासमोर धरली.

"थेंब नाही! बघ, थेंब नाही!"

तो शिट्टी वाजवत खाली गेला. टिल्का खिडकी लावायला मागे राहिली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. पाऊस सगळीकडे वाजत होता. उजवीकडे ताडपत्रीवर फडफड, डावीकडे जुन्या कौलांवर टपटप, पन्हळीतून खळखळ. पण नेमकं पाळण्याच्या वर, जिथे ती कौलं होती तिथे, काहीच वाजत नव्हतं. जणू तेवढ्या तुकड्यावर पाऊस पडतच नव्हता.

तिने कान फळीला लावला. आवाज नाही.

शेवाळामुळे असेल, तिने मनाशी म्हटलं. आणि मग आठवलं की शेवाळ तर तिनेच खरवडून काढलं होतं.

३

कुंपणापलीकडे वेफामावशी राहायची. पूर्ण नाव गेनोवेफा, पण ते तिला फक्त चर्चमध्ये कुणी म्हणे. एकटी, वय झालेली. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकून पांढरा झालेला, दुसऱ्याने उजेड-अंधार आणि माणसाचा आकार तेवढा दिसे. टिल्का लग्न होऊन या टेकडीवर आली तेव्हा भोपळ्याच्या बियांचं तेल कसं गाळायचं ते वेफामावशीने शिकवलं. ब्रीनाला गोवर निघाला तेव्हा रात्री जागली तीही मावशीच.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला टिल्का तिच्याकडे आंबट सूप घेऊन गेली. मोठं घर तापवणं जमेना म्हणून मावशीने खाट मागच्या पडवीत टाकली होती, चुलीशेजारी. पडवीला माळा नव्हता. खाटेच्या वर सरळ रिपा आणि कौलं.

दारातच टिल्काला ओलसर वास आला. मधल्या खोलीत बादली होती, तिच्यात थेंब पडत होता. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप.

"ऐकलंस?" मावशी हसून म्हणाली. "आता घरात बोलायला कुणीतरी आहे मला. मी एक वाक्य बोलते, ती एक बोलते."

"कधीपासून गळतंय, मावशी?"

"गारांनी फोडलं ना! मला तर वाटलेलं, मागची बाजू वाचली. पण तुझा फेलिक्स वर चढला आणि म्हणाला, 'मावशी, चाळण झालीय.' त्यानेच ताडपत्री घातली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत गं! असा नवरा मिळायला पुण्य लागतं."

टिल्का सुपाचं भांडं हातात धरून उभी राहिली. बाहेर मागच्या पाख्यावर निळी ताडपत्री वाऱ्याने फुगत होती, बसत होती. ताडपत्रीखाली काय आहे आणि काय नाही, ते कोण वर चढून बघणार? ज्याने बघायचं त्यानेच ती घातली होती.

"काय झालं? गप्प का?"

"सूप निवेल," टिल्का म्हणाली. "खाऊन घ्या."

मावशीला तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. कोरडा, वर वर चढत जाणारा आणि शेवटी शिट्टीसारखा तुटणारा खोकला. टिल्काने तिची पाठ चोळली. शाल काढून तिच्या खांद्यांवर घातली. घरी येऊन ती फेलिक्ससमोर उभी राहिली.

"तिच्या घरात बादली ठेवलीय."

फेलिक्स भाकरीला तेल लावत होता. त्याने मान वर केली नाही. "तुझ्या नातवाच्या पाळण्यात ठेवू का बादली? सांग. आत्ता चढतो आणि परत नेऊन घालतो. सांग ना."

टिल्काने सांगितलं नाही.

४

ब्रीनाच्या खोलीवर आणखी थोडी कौलं कमी पडत होती. पन्हळीजवळची शेवटची ओळ उघडी होती.

"रविवारी," फेलिक्स म्हणाला. "सगळे प्रार्थनेला जातील, म्हातारीही जाईल. पण पडवीचं छप्पर कुजलंय, माझा भार सोसायचं नाही. तू हलकी आहेस. तू वर चढ, मी खालून घेतो."

टिल्काने डोक्याला रुमाल बांधला. शिडीवर चढताना ती स्वतःला समजावत होती, की वसंतात नवी कौलं आली की मावशीचं सगळं पाखं नवं करून देऊ. वसंत काही लांब नाही.

ताडपत्रीची कड उचलून तिने पहिलं कौल सरकवलं. जुनं कौल सहज निघतं, मागची खुंटी रिपेवरून उचलली की झालं. दुसरं काढलं. तिसरं काढताना पावसाची भुरभुर सुरू झाली. तिने कौल उचललं आणि भोकातून खाली पाहिलं.

खाली खाट होती. खाटेवर वेफामावशी उताणी पडली होती, आणि तिचं तोंड सरळ वर, टिल्काकडे होतं. एक डोळा पांढरा, एक उघडा.

मावशीचे पाय सुजले होते, ती त्या रविवारी गेलीच नव्हती.

"उजेड कसा आला?" मावशी म्हणाली. पावसाचे कण तिच्या कपाळावर पडत होते. "कोण आहे वर? टिल्का? रुमालावरून टिल्का वाटतेस."

टिल्का हलली नाही.

"बरं झालं गं आलीस. इथे अगदी अंगावर गळतं. मी म्हटलंच होतं, टिल्का येईल. तेवढं कौल नीट बसव हं, बाई."

खालून फेलिक्स दबक्या आवाजात खेकसला, "दे ना! काय बघत बसलीस?"

टिल्काच्या हातात कौल होतं. भोक समोर होतं. खुंटी रिपेला टेकवायचीच काय ती देर.

"हो मावशी," ती म्हणाली. "बसवते."

तिने ताडपत्रीची कड भोकावर ओढली, आणि कौल खाली नवऱ्याच्या हातात दिलं. ताडपत्रीखालून आवाज आला, "देव तुझं भलं करो."

५

मग खोकला सुरू झाला.

म्हणजे मावशीला तो होताच. पण आता टिल्काला तो वरच्या खोलीत ऐकू यायला लागला. दुपारी ती गादी उलटी करत असे आणि डोक्यावरून, फळ्यांच्या पलीकडून, तो कोरडा चढता खोकला येई. शेवटी शिट्टी. पहिल्यांदा ती दचकली. मग तिने विचार केला. घरं ती केवढी जवळ, मधे एक कुंपण आणि दोन प्लमची झाडं. वारा तिकडून इकडे. पडवीला माळा नाही, ताडपत्री उडते, आवाज वर निघतो आणि आपल्या छपरावर आपटतो. साधी गोष्ट. तिने हे इतक्या वेळा स्वतःशी घोकलं की खोकला आला की ती मान डोलावू लागली, 'हं, वारा.'

सूप घेऊन मावशीच्या घरात जाणं मात्र तिने बंद केलं. ते भांडं मावशीच्या दारात ठेवून, दार वाजवून, ती कुंपणाच्या आत परत येई.

ऑक्टोबरच्या शेवटी तसं ठेवलेलं भांडं दुसऱ्या दिवशीही तिथेच दिसलं. फेलिक्सने दार ढकललं. अंथरूण पिळून काढावं असं ओलं होतं. दलाच्या लोकांनी मावशीला गाडीत घातलं, प्तुयच्या दवाखान्यात नेलं. फुप्फुसांत पाणी भरलंय, डॉक्टर म्हणाले. ती घरी आली नाही. सर्व संतांच्या दिवशी लोक कबरींवर दिवे लावायला आले तेव्हा तिची माती अजून ताजी होती. शवपेटी उचलणाऱ्यांत फेलिक्स सगळ्यांत पुढे होता, दलाचा गणवेश घालून. मावशीचा मारिबोरचा भाचा त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "तुमच्यासारखे शेजारी होते म्हणून ती इतकी जगली."

"माणुसकी आहे हो," फेलिक्स म्हणाला.

दफनाच्या त्या दुपारी घरी येऊन टिल्काने काळे कपडे बदलले आणि खोली बघायला वर गेली. वारा अजिबात नव्हता. प्लमच्या झाडांवरची उरलीसुरली पानंही हलत नव्हती. कुंपणापलीकडचं घर बंद, कुलूप भाच्याच्या खिशात.

तिने गादीला हात घातला, आणि वरून खोकला आला. कोरडा, चढत जाणारा. शिट्टी येईपर्यंत टिल्का तशीच वाकून उभी होती. मान डोलवायला तिला काही कारण सापडलं नाही.

आणि मग, फळीपलीकडून, अगदी जवळून, समाधानाने टाकलेला उसासा. झोपायला आडवं होताना म्हातारी माणसं टाकतात तसा.

६

"ती काढ," टिल्का म्हणाली. "सगळी काढ आणि परत घाल."

फेलिक्स जेवत होता. "काय?"

"कौलं. तिची कौलं तिच्या घरावर घाल."

"कुणासाठी?" त्याने चमचा खाली ठेवला. त्याला खरंच हसू येत होतं. "मेलेल्या बाईला छप्पर कशाला, टिल्का? तिच्यावर आता चार हात माती आहे. माती गळत नाही."

"वर ती खोकते."

"रानमांजर असेल. घूस असेल. लाकूड वाळताना असंच बोलतं, हे माझ्या आजीलाही माहीत होतं."

"फेलिक्स, मी तिचं तोंड बघितलंय. ती माझ्याकडे बघत होती आणि मी—"

"तू काय?" तो शांतपणे म्हणाला. "बोल. तू वर होतीस, मी खाली होतो. मी फक्त हात पुढे केले. देणारी तू." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "आणि ब्रीना परवा बाळाला घेऊन येतेय. तिला काय सांगणार आहेस? ताडपत्रीखाली झोप? की शेजारणीची कथा सांगणार आहेस, सगळी, पहिल्यापासून?"

टिल्का उठली. तिने ठरवलं होतं, तो ऐकणार नसेल तर आपण स्वतः चढू. ती दुसऱ्या दिवशी शिडी लावून चढलीही. पन्हळीजवळच्या शेवटच्या ओळीतल्या कौलाला हात घातला. कौल कोमट होतं. बाहेर दहिवर पडलेलं, तिच्या बोटांना बधिरी आलेली, आणि ते कौल पांघरुणाखालून हात घालावा तसं कोमट. तिने ते उचलायचा प्रयत्न केला. निघेना. सरकेना. जणू आतून कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. जोराने नाही, आपलं ते आपलं म्हणून धरतात तसं.

ती खाली उतरली. हात धुतले, आणि बाळासाठी दुपटी इस्त्री करायला बसली.

७

बाळाचं नाव लोवरो. काळंभोर जावळ, मुठी आवळलेल्या. ब्रीना दारातून आत येताच म्हणाली, "आई, किती गं ऊबदार आहे घर! तिकडे सगळे म्हणत होते, तुमच्या टेकडीवर एकही छप्पर राहिलं नाही म्हणून."

"आपलं राहिलं," फेलिक्स म्हणाला. "थेंब नाही. विचार आईला."

टिल्काने पाळणा खालच्या खोलीत ठेवायचा हट्ट धरला. ब्रीनाने ऐकलं नाही. खाली चुलीचा धूर, वडिलांचा पाइप, येणारीजाणारी माणसं. "आणि तूच तर महिनोन्महिने फोनवर सांगत होतीस, वरची खोली तयार केली, वरची खोली तयार केली."

टिल्का मग दिवसभर पाळण्याशी बसून राहायची. काही ऐकू येत नव्हतं. बर्फ पडून गेलं, थंडी कोरडी होती. तिला वाटायला लागलं, माणूस दुःखाने काहीही ऐकतो. ब्रीना तिला चिडवायची, "आई, तू त्याला बघतेस की छताला?"

नाताळाच्या आधी दक्षिणेचा वारा सुटला. बर्फ वितळलं, आणि दुपारी पाऊस आला. ब्रीना खाली न्हाणीघरात केस धूत होती. फेलिक्स अंगणात पन्हळ साफ करत होता, पानांचे गोळे टाकताना त्याचा गुणगुणण्याचा आवाज येत होता. बाळ झोपलं होतं.

पाऊस सगळीकडे वाजत होता, आणि पाळण्याच्या वर नव्हता. टिल्काने विणकाम मांडीवर ठेवलं.

वर काहीतरी घासलं. भाजलेल्या मातीवर भाजलेली माती घासते तसा खरखर आवाज. अगदी हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये अशा बेताने.

पाळण्यावर उजेडाचा चौकोन पडला. राखाडी, पावसाळी. तो बाळाच्या पोटावरून त्याच्या गळ्यापर्यंत सरकला आणि थांबला. टिल्काने वर पाहिलं. जिथे फळ्या होत्या तिथे फळ्या नव्हत्या. कौलाएवढं भोक होतं, आणि भोकाच्या कडेला कुणीतरी वाकलं होतं.

वेफामावशी असती तर टिल्काने सोसलं असतं. तिने त्याची तयारी केली होती. ती वेफामावशीच्या पाया पडली असती.

डोक्याला रुमाल होता. रुमालाखालचा चेहरा पावसाने भिजला होता आणि तरी कोरडा वाटत होता, हिशेब करणाऱ्या माणसाचा असतो तसा. तो चेहरा टिल्का रोज सकाळी केस विंचरताना आरशात बघत होती.

थेंब बाळाच्या कपाळावर पडला. मग दुसरा. मग धार. बाळाने डोळे उघडले आणि श्वास घ्यायला तोंड वासलं, आणि तोंडात पाणी गेलं. टिल्का त्याला उचलायला धावली, पण पाळण्यातलं दुपटं इतक्यात भिजून जड झालं होतं, बाळाभोवती आवळलं होतं, तिच्या बोटांना गाठ सापडेना.

"बसव!" ती ओरडली. "अगं, कौल बसव! लेकरू आहे खाली!"

वरची बाई ऐकत होती. तिने नीट ऐकून घेतलं.

"हो," ती म्हणाली. "बसवते."

आणि कौल घेऊन ती मागे सरली. भोक तसंच राहिलं. मग शेजारचं कौल सरकायला लागलं.

८

ब्रीना केसांतून पाणी गळत असतानाच वर धावत आली. तिला दिसलं ते एवढं, की आई पाळण्यावर वाकलीय, तिचे दोन्ही हात दुपट्यात आहेत, आणि बाळ निळं पडलंय. पाळणा पाण्याने थबथबला होता. छत कोरडं होतं. फळ्या एकसंध, सुक्या. बाळाला आंघोळ घालायचा टब कोपऱ्यात होता, त्यात सकाळचं पाणी होतं.

मूल वाचलं. ब्रीनाने त्याला पालथं धरून पाठीत थोपटलं, तेव्हा तोंडातून पाणी आलं आणि मग रडणं आलं. त्याला उराशी धरून तिने आईकडे पाहिलं.

"काय करत होतीस तू त्याला?"

टिल्काने वर बोट दाखवलं. ब्रीनाने वर पाहिलं, टबाकडे पाहिलं, आणि दाराकडे मागे मागे सरत गेली. आईकडे पाठ करायला ती भीत होती. त्याच संध्याकाळी ती बसने गेली. फेलिक्स तिला फाट्यापर्यंत सोडायला गेला आणि परत येऊन त्याने टिल्काशी भांडण केलं नाही. रागावलाही नाही. एवढंच म्हणाला, "मी तिला सांगितलं, आईचं डोकं फिरलंय. नाहीतर ती पोलिसांत गेली असती." आणि पाइप पेटवला.

ब्रीना पुन्हा आली नाही. पत्ताही तिने बदलला. लोवरोचा पहिला दात कधी आला, तो पहिल्यांदा कुठे चालला, हे टिल्काला कळलं नाही.

वसंतात कारागीर आला. शब्दाला जागून नवी कौलं घेऊन आला होता. त्याने सगळं पाखं वाजवून बघितलं आणि ब्रीनाच्या खोलीवरच्या तुकड्यापाशी थांबून म्हणाला, "ही कुठनं मिळाली? अशी आता शोधून सापडायची नाहीत. ही राहू द्या."

"राहू द्या," फेलिक्स म्हणाला. "बाकीचं करा."

कुंपणापलीकडचं घर त्या उन्हाळ्यात आढ्यातून मोडलं. भाच्याने ते तसंच सोडलं. टेकडीवर नवीन आलेले लोक घराचं काही कामकाज काढलं की फेलिक्सकडे सल्ला विचारायला येतात. पाऊस असला तर तो त्यांना मुद्दाम अंगणात उभं करतो आणि आपलं मागचं पाखं दाखवतो. गारा कशा पडल्या, तडकलेलं कौल कसं ओळखायचं, झापं लावून उजेडाचे ठिपके कसे शोधायचे, सगळं समजावून सांगतो. मग म्हणतो, "आत या, हात लावून बघा. थेंब नाही."

ते कुणी वर जात नाहीत. वर त्याची बायको असते. पाऊस लागला की ती वर जाते आणि रिकाम्या पाळण्याशेजारी, आता तिथेच टाकलेल्या खाटेवर, उताणी पडून राहते. केस भिजून उशीला चिकटतात. अंगणातलं फेलिक्सचं बोलणं तिला स्वच्छ ऐकू येतं. ती त्याला हाक मारत नाही. सुरुवातीला ती वर हाका मारायची, विनवायची, आता तेही सोडलंय. वर जी आहे ती काही बहिरी नाही. ती दर वेळी नीट ऐकून घेते, आणि हो म्हणते.